नाफ्प्लिओला पहिल्यांदा जाताय? तीन मुक्काम ठेवा

आपल्याकडून ग्रीसला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमात नाफ्प्लिओचं नाव असलंच, तर ते दुपारच्या जेवणापुरतं असतं. सकाळी अथेन्सहून गाडी निघते, कोरिंथचा कालवा बघते, मायसिनीच्या प्राचीन अवशेषांपाशी थांबते, नाफ्प्लिओच्या बंदरावर दीड तास देते आणि एपिडॉरस करून रात्री परत अथेन्सला. मी पहिल्यांदा असाच गेलो होतो. डोक्यावर डोंगरात एक किल्ला, समोर पाण्यात दुसरा किल्ला, आणि माझ्या हातात घड्याळ. गडकोटांच्या मुलखातल्या माणसाला याहून मोठी रुखरुख काय असणार? दुसऱ्या खेपेला तीन मुक्काम ठेवले, तेव्हा कुठे गाव समजायला लागलं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी माझी पहिली खेप टाळावी, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

गाव छोटं आहे. पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या पूर्वेला, आर्गोसच्या आखातात, सुमारे १४,००० वस्तीचं बंदर. नकाशावर, तिकिटावर, पुस्तकात ते नाफ्प्लिओ, नाफ्प्लिओन, नॉप्लिया अशा वेगवेगळ्या नावांनी भेटेल. गाव एकच. व्हेनिसच्या जुन्या कागदांत तेच ‘नापोली दी रोमानिया’ होतं. आधुनिक ग्रीस स्वतंत्र झाला तेव्हाची राजधानी हीच. १८३४ साली ती अथेन्सला गेली.

जाण्याआधी

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर विसंबू नका, उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. एका फेरीत इटली आणि ग्रीस दोन्ही करणार असाल, तर जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज.

महिना निवडताना एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. आसपासचा सगळा आर्गोलिदा प्रदेश संत्र्याच्या बागांचा आहे. एप्रिलमध्ये बस आर्गोस सोडून पुढे निघाली की खिडकीतून मोहोराचा वास आत येतो. फळ मात्र हिवाळ्यातलं. जुलै-ऑगस्टला जायचं एकच सबळ कारण, ते म्हणजे एपिडॉरसच्या प्राचीन रंगमंदिरातला नाट्यमहोत्सव. त्याबद्दल पुढे.

महिन्याइतकाच वार महत्त्वाचा. अथेन्सच्या लोकांसाठी नाफ्प्लिओ म्हणजे आपलं लोणावळा-महाबळेश्वर. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत गल्ल्या भरलेल्या असतात आणि खोल्यांचे भाव चढलेले. रविवारी संध्याकाळी पोचा, बुधवारी निघा. तेच गाव, तेच घर, पण निम्मी गर्दी.

अथेन्सहून गावात

रेल्वे शोधू नका. अरुंद रुळांची जुनी गाडी इथपर्यंत यायची, पण ती २०११ पासून बंद आहे. जुन्या स्थानकाच्या जागी आता बाग आहे. जायचं ते बसने. ग्रीसमधल्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या बससेवेला ‘केटेल’ म्हणतात, आपल्या एसटीसारखं हे नाव तिथे सगळ्यांच्या तोंडी असतं. अथेन्सच्या विमानतळावरून ‘एक्स ९३’ क्रमांकाची शहर बस थेट किफिसोस बसस्थानकावर जाते. तिथे आर्गोलिदाच्या खिडकीवर तिकीट काढायचं. शहरात शिरायची गरजच पडत नाही. पुढचा प्रवास सव्वादोन ते अडीच तासांचा. सामान गाडीच्या पोटात ठेवताना ते कुठल्या गावाचं हे सांगा, कारण त्याच गाडीतली बरीच मंडळी आर्गोसला उतरतात.

बस थांबते ती सिन्ग्रू रस्त्यावर, पालामिडी किल्ल्याच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. तिथून जुनं गाव चालत पाच मिनिटांवर आहे. रिक्षा-टॅक्सीचा प्रश्नच येत नाही, पण सामानाचा येतो. जुन्या गावातली बरीच बिऱ्हाडं उतारावर आहेत आणि गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. खोली ठरवताना घरमालकाला एकच प्रश्न विचारा: दारापर्यंत किती पायऱ्या? ऐंशी असं उत्तर आलं तर चाकांची मोठी बॅग अथेन्सला ठेवून पाठपिशवी घेऊन या. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांना नेत असाल तर बंदराजवळच्या सपाट भागात खोली घ्या.

मला स्वतःला वरचा भाग आवडतो. त्याचं नाव प्सारोमाखालास. ‘प्सारी’ म्हणजे मासा आणि ‘माखालास’ म्हणजे तुर्कीतून आलेला आपला मोहल्ला. थोडक्यात, कोळीवाडा. असे ओळखीचे शब्द या गावात पावलोपावली भेटतात, आणि त्यातला सगळ्यात मोठा पाण्यात उभा आहे.

पहिली संध्याकाळ: बंदर

पोचल्या दिवशी काहीही ‘बघायला’ जाऊ नका. सामान टाका आणि बंदराच्या कठड्यावर जाऊन बसा. समोर साधारण साडेचारशे मीटरवर, बेटभर जागेत मावणारा किल्ला दिसेल. त्याचं नाव बुर्त्झी. तुर्कीत ‘बुर्च’, अरबीत ‘बुर्ज’, आणि आपल्याकडे बुरूज. एकाच शब्दाने पूर्वेकडे सह्याद्री गाठला आणि पश्चिमेकडे एजियन समुद्र. जंजिरा किंवा सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला हा किल्ला फारच लहान वाटेल. पण त्याचं काम वेगळं होतं. १४७३ मध्ये व्हेनिसवाल्यांनी तो बांधला आणि तिथून किनाऱ्यापर्यंत लोखंडी साखळी ताणली. साखळी वर उचलली की बंदर बंद. म्हणून या बंदराला ‘पोर्तो कादेना’, साखळीचं बंदर, असंही म्हणत.

पुढे एकोणिसाव्या शतकात पालामिडीवर तुरुंग झाला. तिथल्या कैद्यांना फाशी देणाऱ्या जल्लादाला गावात कोणी घर देईना, म्हणून त्याला या बेटावर ठेवत. विसाव्या शतकात तिथे काही दशकं हॉटेल होतं. घाटावरून छोट्या होड्या बेटाकडे जातात. नुसती फेरी मारणारी होडी आणि आत उतरवणारी होडी यांत फरक असतो, तो बसण्याआधी विचारून घ्या.

बंदरावरच्या उपाहारगृहांत त्या संध्याकाळी फक्त कॉफी घ्या, जेवण आतल्या गल्लीत. ग्रीक कॉफी लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात साखरेसकट उकळतात, त्यामुळे साखर मागवतानाच सांगावी लागते: ‘स्केतो’ म्हणजे बिनसाखरेची, ‘मेत्रिओ’ मध्यम, ‘ग्लिको’ गोड. गाळ खाली बसू द्या आणि तळाचा घोट सोडून द्या.

दुसरा दिवस: पालामिडी

माझी पहिली चढाई फसली होती. जूनचा महिना, सकाळचे अकरा, पायात चपला, हातात अर्ध्या लिटरची बाटली. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला दोनशे-सव्वादोनशे मीटर म्हणजे काय, अशी समजूत. निम्म्यावर डोकं गरगरायला लागलं आणि मुकाट्याने खाली आलो. या वाटेवर झाड नाही, आणि चुनखडीचा पांढरा दगड ऊन परत तोंडावर फेकतो. शिवाय दोन शतकांच्या पावलांनी पायऱ्या इतक्या गुळगुळीत झाल्यात की सुक्यातही पाय सरकतो.

म्हणून, उन्हाळ्यात दार सकाळी आठला उघडतं तेव्हा तुम्ही वर असायला हवं. त्या हिशेबाने सव्वासातला पायथा सोडा. तळव्याला पकड असलेले बूट आणि माणशी एक लिटर पाणी सोबत हवं. गावकरी पायऱ्या ९९९ आहेत असं सांगतात, आणि हजारावी स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी कोलोकोत्रोनिस याच्या घोड्याने मोडली, अशी पुढे पुस्ती जोडतात. मोजणाऱ्यांचा आकडा साडेआठशे ते नऊशेच्या मध्ये कुठेतरी येतो. ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी मागच्या बाजूने गाडीरस्ता थेट दरवाजापर्यंत जातो. टॅक्सीने वर जाऊन पायऱ्यांनी उतरणं हाही मार्ग आहे, मात्र गुडघ्यांना उतरणं चढण्याइतकंच छळतं.

वर काय पाहायचं? आपल्या गडांची सवय असलेल्याला सगळ्यात आधी जाणवतं ते हे, की इथे एक गड नसून आठ गड आहेत. व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ या तीन वर्षांत हा किल्ला उभा केला. आपल्याकडे कान्होजी आंग्रे कोकण किनारा राखत होते तो काळ. आठ बुरूज, प्रत्येकाला स्वतःची तटबंदी, स्वतःचा दरवाजा. एक पडला तरी बाकीचे लढत राहावेत हा बेत. एवढं करूनही १७१५ मध्ये, बांधकाम संपल्याच्या पुढच्याच वर्षी, तुर्कांनी तो घेतला. १८२२ च्या नोव्हेंबरअखेर, संत आंद्रेआसच्या सणाच्या रात्री, स्ताइकोस स्ताइकोपूलोसच्या ग्रीक तुकडीने तो परत जिंकला. दरवाजांवरचा पंख असलेला सिंह शोधत चला. ती व्हेनिसची खूण.

संत आंद्रेआसच्या बुरुजाजवळ एक कोठडी दाखवतात. दार इतकं बुटकं की वाकूनच शिरावं लागतं, आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, आणि सरावले तरी दिसायला दगडाशिवाय काही नाही. ही थिओदोरोस कोलोकोत्रोनिसची कोठडी असं सांगतात. तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातला हा सर्वांत मोठा सेनानी. देश स्वतंत्र झाला, बव्हेरियाहून आणलेला अल्पवयीन राजा ऑटो गादीवर बसला, आणि त्याच्या कारभाऱ्यांनी १८३४ मध्ये याच म्हाताऱ्या सेनानीवर राजद्रोहाचा खटला भरून त्याला मृत्युदंड ठोठावला. पाच न्यायाधीशांपैकी दोघांनी, पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस यांनी, निकालावर सही करायला नकार दिला. शिक्षा अमलात आली नाही, आणि १८३५ मध्ये कोलोकोत्रोनिस सुटला. खटला चालला ती इमारत खाली गावात आहे: जुनी मशीद, जिच्यात त्याआधी ग्रीक संसद भरायची, म्हणून नाव ‘वुलेफ्तिको’. कोठडीतून वाकून बाहेर आल्यावर ती इमारत पाहायला जरूर जा. दोन्ही एकाच दिवशी पाहिल्या की तो खटला पुस्तकातला राहत नाही.

दुपार: चौक, संग्रहालय, एक गोळी

दुपारी दोन-अडीचला दुकानं मिटायला लागतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ही वेळ सिन्ताग्मा चौकातल्या पुरातत्त्व संग्रहालयाची. इमारत १७१३ ची, व्हेनिसच्या आरमाराचं कोठार. आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तो वार आधी पाहून ठेवा.

आत घाई असेल तर बाकी सगळं सोडा आणि देन्द्राच्या चिलखतापुढे उभे राहा. जवळच्या देन्द्रा गावात १९६० मध्ये एका थडग्यातून निघालेलं हे काशाचं चिलखत इसवी सनपूर्व पंधराव्या शतकातलं आहे. पंधरा पत्रे, चामड्याच्या वाद्यांनी एकमेकांना जोडलेले. गळ्याभोवती उंच पट्टी, खांद्यावर वाटीसारखे तुकडे, कमरेखाली एकाखाली एक आलेल्या पट्ट्या, चालताना हलाव्यात अशा. काठांवर वाद्या ओवण्याची बारीक भोकं अजून दिसतात. सोबत रानडुकराच्या सुळ्यांचे तुकडे शिवून केलेलं शिरस्त्राण आहे. अशाच शिरस्त्राणाचं वर्णन होमरच्या इलियडमध्ये येतं, चिलखतानंतर कितीतरी शतकांनी रचलेल्या काव्यात. भोकं मोजत बसलो तेव्हा मला आमच्या गावच्या चर्मकाराच्या आरीची आठवण झाली. काम तेच, हात तसाच.

तिथून पाच मिनिटांवर संत स्पिरिदोनचं छोटं देऊळ आहे. हो, मी चर्चला देऊळच म्हणतो, कारण ते आकाराने आणि शेजारपाजाराने तसंच वाटतं. दाराच्या बाजूच्या दगडात काचेखाली एक खळगा जपून ठेवलाय. ९ ऑक्टोबर १८३१ च्या सकाळी स्वतंत्र ग्रीसचा पहिला राज्यपाल, म्हणजे राष्ट्रप्रमुखच, इओआनिस कापोदिस्त्रियास प्रार्थनेला आला, तेव्हा दारात त्याचा खून झाला. मारणारे कोन्स्तान्तिनोस आणि येओर्गिओस मावरोमिखालिस, म्हणजे मानी प्रांतातल्या ज्या सरदाराला त्याने कैदेत टाकलं होतं त्याचा भाऊ आणि मुलगा. ती गोळीची खूण. फलक लहान आहे, वाट पायऱ्यांची आहे, आणि बरेच पर्यटक समोरून निघून जातात.

संध्याकाळ: भिंत वाचायला शिका

संध्याकाळी आक्रोनाफ्प्लिआवर चढा. ही गावाच्या डोक्यावरची बुटकी टेकडी. पालामिडीच्या मानाने खेळच. तुर्कांनी तिला नाव दिलं ‘इच काले’, आतला किल्ला. ‘काले’ आणि आपला ‘किल्ला’ एकाच अरबी शब्दाची पोरं.

व्हेनिसवाल्यांनी समुद्रात भर घालून खालचं गाव वसवलं, त्याआधी बहुतेक सगळं गाव याच टेकडीवर होतं. इथे बघायची ती भिंत. तिचा तळ नीट पाहा: पाच-सहा कोनांचे मोठाले दगड, चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले, फटीत नखही जाणार नाही असे. ते ख्रिस्तपूर्व काळातलं ग्रीक काम. त्यावर लहान दगड आणि चुना, म्हणजे मध्ययुगातल्या बायझँटाईन राज्याचं आणि पश्चिम युरोपातून आलेल्या फ्रँक सरदारांचं, आणि वर व्हेनिसची घडवलेली चिरेबंदी. दोन हजार वर्षांहून अधिक काळ एका नजरेत मावतो.

या जागेचा सगळ्यात जुना तपशीलवार वृत्तान्त दुसऱ्या शतकातला प्रवासी पाउसानियास देतो, आणि तो म्हणतो की गाव ओस पडलंय. तटाचे अवशेष, पोसायडनचं देऊळ, बंदरं आणि कानाथोस नावाचा झरा, एवढंच त्याला दिसलं. शिवाय खडकात कोरलेलं एक गाढव. का, तर गाढवाने द्राक्षवेलीचा शेंडा खाल्ला, त्या वेलीला पुढच्या खेपेस जास्त घड आले, आणि माणसांना छाटणीची अक्कल आली, अशी इथली कथा. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांनी या गाढवाला मनोमन नमस्कार करायला हरकत नाही.

अंधार पडायच्या आत खाली उतरा. टेकडीखालून पाण्याच्या काठाने आर्वानितिआच्या किनाऱ्याकडे जाणारी फरसबंद वाट सुंदर आहे, पण वरून दगड सुटतात म्हणून ती अधूनमधून बंद करतात. फाटक लावलेलं असेल तर ओलांडू नका. पोहायचं तर आर्वानितिआला गोटे आहेत. वाळू हवी तर तिथून तीनेक किलोमीटरच्या मातीच्या सपाट वाटेने काराथोनाला चालत जा. मुलं बरोबर असतील तर काराथोनाच, पाणी दूरवर उथळ आहे.

शाकाहाऱ्यांचं काय

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि उत्तर चांगलं आहे. ग्रीक ख्रिस्ती लोक उपास करतात, आणि उपासाला मांस, अंडी, दूधदुभतं वर्ज्य. बुधवार, शुक्रवार, आणि ईस्टर-नाताळच्या आधीचे आठवडे. त्यामुळे उपासाच्या पदार्थांची मोठी परंपरा आहे. शब्द लक्षात ठेवा: ‘निस्तीसिमो’, म्हणजे उपासाला चालणारं. वेटरला हा शब्द म्हणा, त्याच्या डोक्यात लगेच यादी तयार होते. एक सावधगिरी मात्र हवी: त्यांच्या उपासाला कालवं, कोळंबी, ऑक्टोपस चालतात. म्हणून जोडीला ‘खोरीस क्रेआस, खोरीस थालासिना’ म्हणजे मांस नको, समुद्रातलं नको, हेही सांगा.

मागवायचं काय? ‘यिगांदेस’, मोठ्या पांढऱ्या वालांची टोमॅटोतली भाजी. ‘फावा’, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. हे पहिल्यांदा खाल्लं तेव्हा फक्त लिंबू आणि भात मागावासा वाटला. ‘खोर्ता’, उकडलेल्या रानभाज्या. ‘ब्रिआम’, वांगी-बटाटे-भोपळी मिरची भाजून केलेली. ‘येमिस्ता’ म्हणजे भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, पण त्यात कधीकधी खिमा असतो, विचारा. सकाळी बेकरीतली पालकाची ‘स्पानाकोपिता’ घेतली की दुपारपर्यंत भूक नाही. रात्रीचं जेवण नऊच्या आत शोधलंत तर उपाहारगृहात तुम्ही आणि मांजरंच असाल. ब्रेडचे थोडे पैसे बिलात न मागता लागतात, तो तिथला रिवाज आहे.

आणि भाषेतला एक मोठा खड्डा. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे होय. नाही म्हणायला ‘ओखी’. तोंडाने ‘ने’ ऐकलं की आपला कान नकार समजतो आणि माणूस परत फिरतो. माझं एकदा असं शेवटचं स्पानाकोपिता गेलंय. पण म्हातारी माणसं नकार देताना शब्दच वापरत नाहीत. मान किंचित वर उचलतात आणि जिभेने ‘च्च’ करतात. तो ‘च्च’ मात्र आपल्याला बिनचूक कळतो.

घरगुती सूचना एकच: संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. तिथले सांडपाण्याचे नळ अरुंद असतात.

तिसरा दिवस: एकच ठिकाण निवडा

मायसिनी, तिरिन्स, एपिडॉरस ही तिन्ही प्राचीन स्थळं एका दिवसात होतात, पण मग पहिल्या सहलीसारखंच होतं. नाटक असेल तर एपिडॉरस. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं रंगमंदिर, बैठकीच्या पंचावन्न रांगा. बसच्या पाटीवर ‘एपिदावरोस’ वाचून चढू नका: त्या नावाची गावं वेगळी आहेत, त्यातलं एक समुद्रकाठी, आणि तिथेही एक छोटं प्राचीन रंगमंदिर आहे. तुम्हाला हवं ते आरोग्यदेव आस्क्लिपिओसच्या क्षेत्रातलं, लिगुरिओ गावाजवळचं. चालकाला ‘आर्खेओ थेआत्रो’ असं सांगून खात्री करा.

नाटक नसेल तर माझं मत तिरिन्सला. आर्गोसच्या बसने दहा मिनिटं, चार किलोमीटर, गर्दी जवळजवळ नाही. भिंतीतले दगड इतके प्रचंड की नंतरच्या ग्रीकांनी ते एकडोळ्या राक्षसांनी रचले असं ठरवलं. तटाच्या पोटात दगडी कमानीसारखा बोगदा आहे, आणि त्याच्या दोन्ही भिंती कमरेच्या उंचीपर्यंत आरशासारख्या गुळगुळीत आहेत. ते कारागिराचं काम नव्हे. शतकानुशतकं धनगर तिथे मेंढरं कोंडायचे. लोकरीने घासून घासून दगड झिजला. हात फिरवून पाहा.

परतीच्या दिवशी सकाळ मोकळी असेल तर गावापासून अडीच-तीन किलोमीटरवरच्या आइआ मोनी या जोगिणींच्या मठात जा, खांदे आणि गुडघे झाकून. तिथल्या बागेतला झरा म्हणजेच पाउसानियासचा कानाथोस असं मानतात. देवी हेरा वर्षातून एकदा त्यात न्हाऊन पुन्हा कुमारी होत असे, अशी आर्गोसच्या लोकांची श्रद्धा त्याने नोंदवली आहे. मठातलं देऊळ बाराव्या शतकातलं, पाणी अजून वाहतं आहे. दुपारी मठ बंद असतो, तेव्हा सकाळी लवकर निघा, आणि अथेन्सच्या बसचं तिकीट आदल्या संध्याकाळीच सिन्ग्रूवरच्या खिडकीत काढून ठेवा.